प्रिंटर कधी दोन कागद ओढतो, कधी एकही नाही: घर्षण कुठे बिघडलं ते कसं शोधायचं

आधी लक्षणं

"प्रिंटर कागद नीट घेत नाही" एवढ्या तक्रारीवरून काहीच दुरुस्त करता येत नाही. नीट घेत नाही म्हणजे नेमकं काय करतो, हे मशीनपाशी उभं राहून एकदा पाहिलं तर निम्मा शोध तिथेच संपतो. ट्रेमध्ये नेहमीचा कागद घाला, पंधरा-वीस पानं छापायला सोडा आणि खालच्यांपैकी काय घडतं ते बघा.

- रोलर फिरल्याचा आवाज येतो, पण पान हलत नाही, किंवा थोडं सरकून थांबतं. ट्रे बाहेर काढला तर वरच्या पानावर रोलर घासल्याची काळपट खूण दिसते.
- दोन पानं एकावर एक बसून एकदम आत जातात आणि तशीच बाहेर येतात. वरचं छापलेलं, खालचं कोरं.
- पहिलं पान मशीनमध्ये असतानाच, थोडं अंतर ठेवून, दुसरं पान मागोमाग ट्रेमधून निघतं आणि अडकतं.
- ट्रे भरलेला असेपर्यंत सगळं सुरळीत. तळाची पाच-दहा पानं मात्र झुंडीने जातात.
- कोरा कागद बिनबोभाट जातो, पाठकोरे कागद घातले की भांडण सुरू.
- सकाळची पहिली काही पानं छळतात, मग दिवसभर काही नाही.
- एका रीमला त्रास होतो, दुसरीला होत नाही.

यातलं तिसरं लक्षण आत्ताच बाजूला काढून ठेवा. "दोन कागद घेतो" या एकाच नावाखाली ते दुसऱ्या लक्षणाबरोबर मोजलं जातं, पण त्याचा घर्षणाशी बहुतेक वेळा संबंध नसतो. पानं जोडीने जातात की मागोमाग, एवढा फरक न पाहिल्यामुळे लोक चांगले रोलर बदलतात आणि तक्रार तशीच राहते. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

तीन जोड्यांचा हिशेब

ऑफिसातल्या बहुतेक प्रिंटर-कॉपियरमध्ये पानं वेगळी करायला घर्षणाखेरीज दुसरं काही नसतं. वरून रबरी रोलर दाबून ओढतो. त्याच्यासमोर सेपरेशन पॅड असतो, रबर किंवा कॉर्कसारख्या पदार्थाची छोटी पट्टी. मोठ्या मशीनमध्ये पॅडच्या जागी उलटा जोर लावणारा दुसरा रोलर असतो. चुकून दोन पानं आली तर वरच्याला रोलर पुढे नेतो आणि खालच्याला पॅड धरून ठेवतो, एवढंच काम.

म्हणजे तीन जोड्या झाल्या: रोलर आणि कागद, पॅड आणि कागद, कागद आणि कागद. घर्षण याच क्रमाने उतरत गेलं पाहिजे. रोलरची पकड सगळ्यांत जास्त, पॅडची त्याहून कमी, आणि कागदाची कागदावरची सगळ्यांत कमी. ऑफिसच्या साध्या कागदाचा आपल्याच जातभाईवरचा घर्षण गुणांक साधारण ०.४ ते ०.६ असतो, १ किलोच्या वजनाखालचं पान सरकवायला अर्धा किलोच्या आसपास ओढ लागते असं समजा. चांगल्या स्थितीतल्या रबरी रोलरचा कागदावरचा गुणांक १ च्या वर असतो. पॅड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

आता बिघाड वाचता येतो. रोलरची पकड पॅडच्या खाली घसरली की पान हलत नाही. पॅडची पकड कागद-कागद घर्षणाच्या जवळ आली की पानं जोडीने जातात. कागदांचं आपापसातलं घर्षण चढलं तरी पानं जोडीनेच जातात, मग पॅड कितीही नवा असो. "घर्षण कमी पडतंय, वाढवू या" हा सरसकट उपाय इथे चालत नाही. कोणत्या जोडीचं वाढलं आणि कोणत्या जोडीचं घटलं, हे ठरवल्याशिवाय हात लावू नका.

पुढच्या तपासण्या फुकटापासून महागाकडे अशा लावल्या आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पन्नासेक पानं छापून बघा. तीन गोष्टी एकदम केल्या आणि मशीन चालू लागलं, तर पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही कराव्या लागतील.

पहिली तपासणी: ट्रे आणि गठ्ठा

गठ्ठा ट्रेमधून काढा. दोन्ही टोकांना धरून एकदा वर, एकदा खाली वाकवा, मग चारही कडा अंगठ्याने फुलवा. कारखान्यात कागद कापताना पातं बोथट असेल तर कडेला बारीक तंतू दाबले जाऊन पानं एकमेकांत गुंततात. मधल्या भागात घर्षण अगदी योग्य असलं तरी कडेला ही पानं शिवल्यासारखी धरलेली असतात. फुलवल्याने ती सुटतात आणि मध्ये हवाही जाते. फुलवल्यानंतर त्रास लगेच थांबला आणि त्याच रीमच्या पुढच्या गठ्ठ्याला परत झाला, तर दोष कापणीचा आहे, मशीनचा नाही.

मग गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करा आणि ट्रेमध्ये खुणेच्या रेषेच्या खाली राहील एवढाच भरा. बाजूच्या पट्ट्या कागदाला जेमतेम टेकतील अशा ठेवा. घट्ट आवळल्या तर पान मधे फुगतं आणि रोलरला कडेपेक्षा वेगळा दाब मिळतो. सैल राहिल्या तर पान तिरकं जातं. उरलेल्या पानांवर नवी पानं ओतायची सवय सोडा. जुनी पानं ट्रेमधल्या हवेला सरावलेली असतात, नवी नसतात, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथेच पहिलं जोडपं अडकतं.

तळाची पानं झुंडीने जात असतील तर ट्रेच्या तळाला, रोलरच्या बरोबर खाली, बोट फिरवा. तिथे कॉर्कचा किंवा रबराचा छोटा तुकडा चिकटवलेला असायला हवा. शेवटच्या पानांना धरून ठेवणं हेच त्याचं काम. तो निघून पडला असेल किंवा धुळीने गुळगुळीत झाला असेल तर खालची पानं नुसत्या प्लॅस्टिकवर बसतात आणि सगळीच्या सगळी घसरतात. तुकडा ओल्या कापडाने पुसा, नसला तर त्या मॉडेलचा मागवा. तोवर ट्रे पूर्ण रिकामा होऊ न देणं हा बिनखर्चाचा तोडगा.

दुसरी तपासणी: दुसरी रीम

वेगळ्या कंपनीची, न उघडलेली, ७५ किंवा ८० ग्रॅमची (दर चौरस मीटर कागदाचं वजन) रीम आणा. उघडा, फुलवा, घाला. त्रास थांबला तर शोध कागदाकडे वळवा. थांबला नाही तर कागदाचा भाग वाचायची घाई नाही, थेट रोलरच्या तपासणीकडे जा. ही एक चाचणी सगळा प्रश्न दोन भागांत कापते, आणि तरीही लोक ती शेवटी करतात याचं मला कायम नवल वाटतं.

तिसरी तपासणी: हवा आणि ओल

कागद हवेतली ओल सतत घेत-सोडत असतो. कागदाची मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळा २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता या ठरावीक हवेत नमुना आधी मुरवतात ते याचमुळे. हवा बदलली की तोच कागद वेगळे आकडे देतो.

सादळलेल्या कागदाचे तंतू मऊ पडतात. दाबाखाली ते एकमेकांवर जास्त पसरतात, खरा स्पर्श वाढतो आणि कागद-कागद घर्षण चढतं. त्यात भर म्हणजे मऊ पानाचा ताठपणा जातो, त्यामुळे पॅडला अडून मागे राहण्याऐवजी ते वरच्या पानाबरोबर वळून पुढे जातं. म्हणून दमट हवेत जोड्या निघतात.

कोरड्या हवेतही जोड्याच निघतात, आणि इथे गोंधळ होतो. कारण वेगळं आहे. कोरडा कागद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे घासण्यातून साठलेला विद्युतभार निघून जात नाही आणि पानं एकमेकांना ओढून धरतात. सापेक्ष आर्द्रता ३०–३५ टक्क्यांच्या खाली गेली की हे जाणवायला लागतं. वरचं पान उचलताना खालचं सोबत येत असेल, हाताच्या केसांना ओढ लागत असेल किंवा बारीक तडतड ऐकू येत असेल तर स्थिर विद्युत समजा. अशा वेळी कागद आणखी वाळवला तर त्रास वाढतो. सादळलेल्या कागदाचा उपाय कोरड्या कागदावर करणारे बरेच भेटतात.

गठ्ठ्याकडे नुसतं पाहूनही ओलीची दिशा कळते. कडा लाटांसारख्या झाल्या असतील तर कडांनी ओल घेतली आहे, मधला भाग अजून कोरडा आहे. कडा ताणलेल्या आणि मधला भाग सैल, फुगलेला दिसत असेल तर उलट: कडा वाळल्या आहेत. दोन्ही अवस्थांत रोलरखाली प्रत्येक पान सारखं बसत नाही.

सकाळचीच पानं छळत असतील तर रात्रभर ट्रेमध्ये उघडी राहिलेली वरची पानं काढून ठेवा आणि मग छापा. तेवढ्याने थांबलं तर निदान झालं. रीमच्या वेष्टणाला आतून ओल अडवणारा थर असतो. उरलेला कागद त्याच वेष्टणात गुंडाळून, आडवा, जमिनीपासून वर ठेवा. गार गोदामातून आणलेली रीम लगेच फोडू नका. बंद वेष्टणात खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कागदावर खोलीतल्या हवेची ओल बसते. सुट्टं पान काही मिनिटांत हवेला सरावायला लागतं, अख्ख्या गठ्ठ्याला दिवस लागतात. म्हणून सादळलेली रीम "तासभर उघडी ठेवली" याला काही अर्थ नाही.

चौथी तपासणी: कागद स्वतः

इथे थोडं थांबायला हवं, कारण कागदाच्या घर्षणाबद्दलचा आपला अंदाज बहुतेक वेळा उलटा असतो. खरखरीत कागद जास्त धरतो आणि गुळगुळीत कागद सटकतो, असं हाताला वाटतं. कागदावर कागद सरकताना मात्र खरखरीतपणाचा वाटा लहान असतो. पृष्ठभागावर कोणतं रसायन आहे, हे जास्त ठरवतं.

लाकडाच्या लगद्यात राळेसारखे, मेदासारखे पदार्थ थोड्या प्रमाणात उरतात. त्यातली लांब साखळीची मेदाम्लं पृष्ठभागावर येऊन पातळ वंगणासारखी बसतात आणि कागद बुळबुळीत होतो. लगदा चांगला धुतला असेल तर हे पदार्थ कमी, घर्षण जास्त. दुसरा स्रोत सायझिंगचा. शाई पसरू नये म्हणून कागदात पाणी रोखणारा पदार्थ घालतात. पूर्वी राळ आणि तुरटी वापरत, कागद आम्लधर्मी होई. आजचा बहुतेक ऑफिस कागद अल्कधर्मी पद्धतीने बनतो, त्यात एकेडी हा मेदाम्लांपासून बनवलेला मेणचट पदार्थ सर्रास वापरतात. तंतूंना न चिकटलेला एकेडी जास्त उरला की कागद नको इतका निसरडा होतो. अशा रीमला रोलर धरू शकत नाही. पान अर्धवट सरकून थांबतं आणि दोष रोलरवर येतो.

भरणीचे, म्हणजे तंतूंमध्ये मिसळलेल्या खनिज भुकटीचे, पदार्थही बोलतात. ऑफिस कागदात कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं. टाल्क असेल तर त्याच्या चपट्या, एकमेकांवर घसरणाऱ्या कणांमुळे घर्षण उतरतं. उलट टोकाला सिलिका: पोती आणि खोकी एकावर एक रचल्यावर घसरू नयेत म्हणून त्यांच्या कागदावर कोलॉइडल सिलिकाचा फवारा मारतात. वरच्या थरातलं स्टार्च कमी पडलं तर तंतू आणि भरणी सुटी होऊन भुकटी पडते. ती भुकटी कागदापेक्षा रोलरचं जास्त नुकसान करते. चकचकीत लेप दिलेल्या कागदाची गोष्ट आणखी वेगळी. दोन गुळगुळीत पानांच्या मधली हवा निघून गेली की ती एकमेकांना चिकटून बसतात. असा कागद थोडा थोडा घाला, आणि मशीन त्याला चालतं का हे पुस्तिकेत आधी बघा.

पाठकोऱ्या कागदाची अडचण आता समजेल. लेझर मशीनमधून एकदा गेलेलं पान फ्यूझरच्या (टोनर म्हणजे शाईची भुकटी वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या) उष्णतेने वाळलेलं, किंचित वळलेलं आणि विद्युतभारित असतं. त्यावरच्या टोनरमध्ये मेण असतं, काही मशीनमध्ये फ्यूझरचं सिलिकॉन तेलही पानाला लागतं. म्हणजे एकाच गठ्ठ्यात कुठे निसरडी पानं, कुठे चिकटणारी. आणि गठ्ठ्यातलं वेगवेगळेपण हाच खरा घोळ आहे. कसा ते बघा. रोलर पहिल्या पानाला ओढतो. पहिलं पान दुसऱ्याला ओढू पाहतं आणि तिसरं दुसऱ्याला धरून ठेवतं. पहिल्या-दुसऱ्यातलं घर्षण दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा थोडं जरी जास्त झालं, तरी दुसरं पान पहिल्याबरोबर निघतं, आणि सगळी भिस्त पॅडवर येते. सगळी पानं सारखीच निसरडी किंवा सारखीच धरणारी असतील तर मशीन सांभाळून घेतं. मिसळ असेल तर सांभाळत नाही. म्हणून पाठकोरे कागद वापरायचेच तर कोऱ्यांत मिसळू नका. एकाच दिवशी, एकाच मशीनमधून निघालेले, एका दिशेने रचलेले वापरा, आणि स्टेपलची पिन निघालेलं पान तर घालूच नका.

दोन रीममधला फरक घरच्या घरी मोजता येतो. ४० सेंटिमीटर लांबीची सपाट फळी घ्या. तिच्यावर एक पान टेपने पसरून चिकटवा. दुसऱ्या रीमचं नव्हे, त्याच रीमचं दुसरं पान छोटं कापून एका सपाट तळाच्या वजनाखाली चिकटवा आणि ते फळीवर ठेवा. फळीचं एक टोक हळूहळू उचला. वजन निसटेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा. १६ सेंटिमीटरला निसटलं तर गुणांक सुमारे ०.४४, १८ ला ०.५०, २० ला ०.५८. प्रयोगशाळेतही कलत्या फळीची पद्धत आहे. अधिक काटेकोर मोजणीसाठी आडव्या पट्टीवर वजन ओढण्याची पद्धत आयएसओ १५३५९ या मानकात दिली आहे.

दोन पथ्यं पाळा. घासल्या जाणाऱ्या भागाला बोट लावू नका, त्वचेवरचं तेल आकडा बदलतं. आणि दर खेपेला नवी पानं घ्या. तीच दोन पानं एकाच दिशेने पुन्हा पुन्हा घासली की घर्षण उतरत जातं. त्या मानकात पहिल्या आणि तिसऱ्या सरकवण्याचे आकडे वेगळे नोंदवतात ते यासाठीच. एकाच रीमच्या वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या पानांचे आकडे एकमेकांपासून बरेच लांब पडत असतील तर ती रीम परत करा. सरासरी काय आली याला तेवढं महत्त्व नाही.

रीमच्या लेबलवर बाण असेल तर तो आधी छापायची बाजू दाखवतो. कागदाच्या दोन बाजू बनतानाच थोड्या वेगळ्या होतात. गठ्ठा उलटा करून पाहणं फुकट आहे, करून बघा. फरक पडला तर पडला.

पाचवी तपासणी: रोलर पुसणं

मशीन बंद करा, वायर काढा, लेझर असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. ट्रे काढून टॉर्चने रोलर पाहा. चांगला रोलर मॅट दिसतो आणि बोटाच्या नखाला किंचित अडतो. पांढरट भुकटी बसलेली असेल तर ती कागदाची भरणी आणि तंतू. ही भुकटी रबर आणि कागद यांच्या मध्ये गोळ्यांसारखी लोळते, म्हणून रबर शाबूत असूनही पकड जाते. आरशासारखी चकाकी असेल तर रबर वरून कडक झालं आहे.

धागे न सुटणारं कापड पाण्याने ओलसर करा, पिळा, रोलर हाताने पूर्ण एक फेरा फिरवत पुसा. कापड स्वच्छ निघेपर्यंत. मग पूर्ण वाळू द्या. पाण्याने चिकट डाग निघत नसेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही थोडंच. काही रबरांना ते वारंवार लावलं की रबर कोरडं पडून भेगाळतं. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, गंज काढायचा फवारा यांतलं काहीही नको. खनिज तेलाने अनेक रबरं फुगतात, आणि फुगलेला रोलर पुन्हा मूळ मापावर येत नाही. टाल्कम पावडर तर अजिबात नको. ती कागदाला सुटं करते हे खरं, पण रोलरची पकडही तीच घालवते.

पॉलिश पेपरने रोलर घासायचा सल्ला सगळीकडे मिळतो. वरचा कडक थर निघतो, काही दिवस मशीन छान चालतं, आणि मग रोलर लहान झाल्यामुळे त्याचा दाब कमी पडायला लागतो. उद्याच्या छपाईपुरता नाइलाज असेल तर करा. दुरुस्ती म्हणून मी ते धरत नाही.

सेपरेशन पॅडही याच वेळी पुसा. पॅडच्या मधोमध चकचकीत खळगा पडला असेल तर पुसून भागणार नाही.

सहावी तपासणी: रोलर आणि पॅड बदलणं

पुसल्यावर काही दिवस बरं आणि मग पुन्हा तेच, असं होत असेल तर रबर संपलं. अनेक मशीनमध्ये रोलर दोन चापांवर बसतो आणि हाताने निघतो. नवा बसवताना त्याच्या रबराला बोटं लावू नका, कडेच्या प्लॅस्टिकला धरा.

रोलर आणि पॅड जोडीनेच बदला. एकटा रोलर बदलला की पहिली तक्रार जाऊन दुसरी येते: आधी पान हलत नव्हतं, आता दोन-दोन जातात. कारण वरच्या हिशेबातच आहे. नवा रोलर जोरात ओढतो, गुळगुळीत झालेला जुना पॅड दुसऱ्या पानाला धरू शकत नाही. दुकानदाराने खराब रोलर दिला असं वाटतं, आणि रोलर बिचारा निर्दोष असतो. पॅडखालची स्प्रिंग जागेवर आहे ना, तेवढं बसवताना पाहा. मोठ्या कॉपियरमध्ये तीन रोलरचा संच असतो, तिथे तिन्ही एकदम बदला.

बदलल्यानंतर मेन्यूत त्या भागाचा काउंटर शून्य करायची सोय असेल तर करा, नाहीतर मशीन जुनाच इशारा देत राहील.

आता ते मागोमाग निघणारं पान

रोलरला एक फेरा फिरवून थांबवण्याचं काम एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा खटका, करतो. त्याच्या पट्टीखाली आवाज कमी करायला स्पंजचा किंवा रबराचा तुकडा असतो. वर्षांनी तो विरघळून डिंकासारखा चिकट होतो. पट्टी वेळेवर सुटत नाही, रोलर आणखी एक फेरा मारतो आणि दुसरं पान ओढतो. कागद, रोलर, पॅड सगळं ठीक असूनही हे होतं. कडा जुळलेल्या नसतात, पानांमध्ये अंतर असतं, हीच ओळख. उपाय छोटा आहे, पण सोलेनॉइडपर्यंत पोचायला बहुतेक मशीनचं बाजूचं आवरण आणि कधी गिअरही काढावे लागतात. हे काम मी घरी करायला सांगणार नाही.

इथे थांबा, तंत्रज्ञ बोलवा

नवा रोलर, नवा पॅड आणि नवी कोरडी रीम, तिन्ही असूनही पान अडकत असेल तर पुढे उघडू नका. आता उरलेल्या शक्यता स्प्रिंगचा दाब, क्लच, उलट्या रोलरचा टॉर्क लिमिटर किंवा पान ओळखणारा सेन्सर यांच्या आहेत, आणि त्यांची मापं सर्व्हिस मॅन्युअलशिवाय कळत नाहीत.

जळका वास, गिअरचे दात घासल्यासारखा आवाज, किंवा पान दरवेळी आत खोलवर, फ्यूझरपाशी अडकणं: लगेच बंद करा. फ्यूझर १८०–२०० अंशांच्या आसपास तापतो आणि लेझर मशीनमध्ये उच्च दाबाची वीज असते. फाटलेल्या पानाचा तुकडा आत राहिला असेल आणि दिसत नसेल तर चिमटे, स्क्रूड्रायव्हर घालून शोधू नका; फ्यूझरच्या फिल्मवर एक ओरखडा उठला की अख्खं युनिट बदलावं लागतं. मशीन वॉरंटीत असेल तर पाचव्या तपासणीनंतरच थांबा.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्यासाठी चार गोष्टी काढून ठेवा: जोडीने बाहेर आलेली पानं तशीच, रोलरची काळपट खूण पडलेलं पान, ज्या रीमला त्रास झाला तिची उरलेली पानं वेष्टणासकट, आणि मशीनच्या काउंटरवरचा आकडा. खूण पानाच्या मधोमध आहे की एका बाजूला, यावरून दाब सारखा पडतो की नाही ते त्याला आवरण उघडायच्या आधीच कळेल.